डोंगलवरून झालेल्या मारहाणीचा खरा जबाब

दिनांक : ६ मार्च २०२५
वेळ : दुपारी १ वाजून ४० मिनिटे

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, डाळज हद्द,
ता. इंदापूर, जि. पुणे

अर्जदार : श्रीमती लीलाबाई सर्जेराव खारतोडे, वय ५८, धंदा शेती व घरकाम, रा. डाळज

विषय : सून सौ. प्रतिक्षा हिच्याबाबत दिलेला खोटा जबाब रद्द करून खरा जबाब नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. २५ फेब्रुवारी २०२५ रोजीचा जबाब.

महोदय,

संदर्भातील जबाबात अर्जदाराने "सून जिन्यावरून पाय घसरून पडली" असे सांगितले व खाली सही केली. ते खोटे आहे. सुनेला अर्जदाराचा मुलगा सूरज याने मारून जिन्यावरून खाली लोटले. अर्जदार त्या वेळी चार पायऱ्या खाली उभी होती व तिने सर्व डोळ्यांनी पाहिले आहे.

सून पणदऱ्याची, बी.एस्सी. झालेली. तिचा माहेरचा जुना संगणक वरच्या खोलीत आहे. तो फार मंद चालू लागल्याने तिने त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली होती. बारामतीच्या एका संस्थेत घरबसल्या कामासाठी तिचे नाव निघाले व सोमवार, २४ फेब्रुवारी रोजी सकाळी अकराला तिची ऑनलाइन परीक्षा ठरली. हे कळताच सूरजने तिचा मोबाईल काढून घेतला आणि इंटरनेटची वायर पकडीने तीन ठिकाणी तोडली. "आता बघू कुठनं पळतीस," असे म्हणत त्याने तीच वायर दुहेरी करून सुनेच्या पाठीवर ओढली. तिसऱ्या फटक्याला अर्जदार मध्ये पडली. तो फटका अर्जदाराच्या मनगटावर बसला असून वळ अद्याप आहे.

शेजारच्या राजलक्ष्मी यांच्या घरचे वायफाय आमच्या वरच्या खिडकीपर्यंत येते. त्यांनी पासवर्ड दिला. परंतु त्या जुन्या संगणकाला वायफाय धरण्याची सोयच नव्हती. त्यासाठी लागणाऱ्या वस्तूचे नाव सुनेने चिठ्ठीवर लिहून दिले. डोळे तपासायला जाते असे घरात सांगून अर्जदार बारामतीस गेली व वायफाय धरणारा, बोटाच्या पेराएवढा डोंगल घेऊन आली. तो लावला, पण त्याचा दिवा लागेना. सून म्हणाली, "आत्या, मशीनला डोंगल दिसतोय, पर ह्याचा ड्रायव्हर न्हाय."

सूरज स्वतःच्या ट्रॅक्टरवर कारखान्याचा ऊस वाहतो. त्यामुळे अर्जदार बोलून गेली, "ड्रायव्हर खाली झोपलाय, त्याचाच तर घोर हाय." त्यावर सून हसली. तीन वर्षांत ती या घरात अशी हसलेली अर्जदाराने पाहिली नव्हती. (हा मजकूर लिहून घेणाऱ्यास गैरलागू वाटला होता. अर्जदाराने तो काढू दिला नाही.)

ड्रायव्हर म्हणजे डोंगलचे बोलणे मशीनला समजावून सांगणारा दुभाष्या, असे सुनेने समजावले. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि डोंगल चालू झाल्याशिवाय आमच्याकडे इंटरनेट येणार नव्हते. अखेर राजलक्ष्मी यांनी स्वतःचा मोबाईल दिला. तो चार्जिंगच्या वायरीने संगणकास जोडून सुनेने त्यावरून तो दुभाष्या उतरवला. तरी काम भागले नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे पळत, मध्येच चूक दाखवून थांबत. अमुक फाईल नाही, तमुक जुळत नाही. सून ओठ चावून पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसे. असे तीन दुपारी चालले. सूरज खाली झोपलेला असे आणि अर्जदार जिन्यात तूर निवडत राखण बसे.

दुसऱ्या दुपारी सूरज अचानक उठून जिना चढू लागला. सुनेला सावध करण्यासाठी अर्जदाराने परात हातातून सोडून दिली. झोपमोड केली म्हणून त्याने अर्जदाराच्या कमरेत लाथ घातली व शिव्या देत परत फिरला. त्या लाथेचे अर्जदारास वाईट वाटले नाही, कारण तो वर गेला नाही. रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास डोंगलवर निळा दिवा लुकलुकू लागला. आवाज होऊ नये म्हणून सून अर्जदाराच्या खांद्यात तोंड खुपसून रडली.

सोमवारी परीक्षा वेळेवर सुरू झाली. पावणेबाराला ट्रॉलीचे टायर फुटल्याने सूरज घरी आला आणि थेट जिन्याकडे गेला. "आधी जेवून घे रं," म्हणत अर्जदाराने त्याचा दंड धरला. त्याने हिसडा देऊन तिला भिंतीवर आदळले; ती उठून त्याच्यामागे वरून चौथ्या पायरीपर्यंत चढली. दारात त्याला पाहूनही सुनेने हात थांबवले नाहीत. ती म्हणाली, "धा मिनिटं द्या, मग काय मारायचं ते मारा."

त्याने कीबोर्ड उपसून तिच्या डोक्यात घातला. बटणे खोलीभर उडेपर्यंत तो मारत राहिला. मग केस धरून तिला फरफटत जिन्याशी आणले व पोटात लाथ घालून खाली लोटले. सून अर्जदारास घासून शेवटच्या पायरीपर्यंत गेली. त्यामागून त्याने संगणकाचा डबा उचलून फेकला, तो तिच्या हातावर पडला. मनगट व दोन बरगड्या मोडल्या आहेत. तिला ओलांडून जाताना सूरज म्हणाला, "आय, तिचा पाय घसरला. काय?"

अर्जदार म्हणाली, "व्हय."

दवाखान्यात अर्जदार तेच बोलली, आपल्यासमोरही तेच बोलली. सुनेने ते पलंगावरून ऐकले व भिंतीकडे तोंड फिरवले. खोटे बोलण्याचे कारण विचाराल तर सूरज एकुलता एक व पोटचा आहे, एवढेच. अर्जदाराचा हात तिच्या मालकांनी मोडला होता, तेव्हा सासूने "गाईनं लाथ मारली" असे सांगितले होते. त्या सासूला अर्जदाराने मरेपर्यंत माफ केले नाही.

सून सध्या माहेरी आहे. आज जेवताना सूरज म्हणाला, "उद्या जाऊन आणतो तिला नांदायला. पुढच्या खेपंला जिना न्हाय, इहीर." एवढे बोलून त्याने ताट पुढे केले व आणखी कालवण मागितले. अर्जदाराने वाढले.

तरी विनंती की, अर्जदाराचा खरा जबाब आजच नोंदवावा, पणदरे येथे माणूस पाठवून सुनेचाही जबाब घ्यावा आणि अर्जदार आई आहे म्हणून कोणतीही सवलत देऊ नये. अर्जदार दाराला बाहेरून कडी घालून आली आहे. रात्रभर ऊस वाहिल्यामुळे सूरज चार वाजेपर्यंत उठत नाही. त्याआधी यावे.

आपली नम्र व उशिरा बोललेली,
(सही) लीलाबाई सर्जेराव खारतोडे

लिहून घेणार : आबाजी, निवृत्त लिपिक, रा. डाळज

सोबत :
१. सुनेच्या दवाखान्याच्या कागदांची प्रत
२. अर्जदाराच्या आधार कार्डाची प्रत