गाळलेली ओळ

पिंप्राळा, जळगाव
१२ जुलै

प्रिय पितांबरभाऊ,

तुमचा पत्ता धुळ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून मिळवला. त्यांनी फोन नंबरही दिला होता, पण हे फोनवर मला बोलता येणार नाही. मी हेमांगी, तुमच्या पलटणीतल्या सुकदेवची बायको. कारगिलची लढाई संपल्यावर तुम्ही ह्यांची ट्रंक घेऊन भडगावजवळच्या आमच्या गावी आला होतात. चहा तसाच राहिला होता तुमचा. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तुमचा हात धरून एकच विचारलं होतं, "मना आंडोरले तरास नही ना व्हयना?" माझ्या लेकाला त्रास तर नाही ना झाला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "नाही आई. गोळी लागली आन् लगेच गेला."

पुढच्या वर्षी वीरचक्र आलं, सोबत इंग्रजी गौरवपत्र. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. ओटीवर सगळी भावकी जमलेली, आई मला चिकटून बसलेल्या. मी एकेक वाक्य वाचून आमच्या बोलीत सांगत होते. मधेच ती ओळ आली. पोटात दोन गोळ्या लागल्यावरही ह्यांनी सहा तास मशीनगन सोडली नाही, शेजारी एकच साथीदार होता, आणि उजाडल्यावर ह्यांनी प्राण सोडले. त्या साथीदाराचं नाव होतं पितांबर. मी म्हणाले, गोळी लागली आणि लगेच गेले. तुमचंच खोटं मी पुढे चालवलं, भाऊ. तेव्हापासून दर दिवाळीला आई पदक पुसतात, मला वाचायला लावतात, आणि मी ती ओळ गाळते.

मी आणि आई आता इथे पिंप्राळ्याला राहतो, पण गावात ह्यांचा पुतळा बसतोय. सव्वीस तारखेला कार्यक्रम आहे, प्रमुख पाहुणे तुम्ही. सरपंच योगेंद्रने हायस्कूलच्या सरांकडून गौरवपत्राचं मराठी करून घेतलंय आणि ते तुम्हीच माइकवर वाचायचं असं ठरवलंय. आई पहिल्या रांगेत असतील. त्या एकोणऐंशीच्या आहेत, डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केलाय. तरी नवं लुगडं आणून ठेवलंय त्यांनी.

मी योगेंद्रकडे दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा तर हात जोडले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, ते सहा तास म्हणजेच तर वीरचक्र. ते काढले तर पुतळा कशाचा?" त्याचं चुकत नाही. आईंना त्रास नको म्हणून मी त्यांच्या लेकाची बहादुरीच इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवली, हे मला त्याच्या अंगणात उभी असताना कळलं. पण आज त्यांना सहा तास कसे सांगू? पोटातल्या गोळ्या कशा सांगू? आठ दिवस झाले, घास उतरत नाही. आईंना वाटतं, मला आनंदाने असं होतंय.

म्हणून हात जोडते, भाऊ. वाचताना ती ओळ सोडून द्या. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, योगेंद्रला मी बघून घेईन.

आणि दुसरं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. कार्यक्रमानंतर एकदा पिंप्राळ्याला घरी या. आई संध्याकाळी देवळात जातात, तासभर तरी येत नाहीत. तेव्हा मला सगळं सांगा. ह्यांनी पाणी मागितलं का? होतं का तुमच्याजवळ? थंडी वाजत होती का? काही बोलले का, कुणाचं नाव घेतलं का? माझं घेतलं नसेल तर तसंच सांगा, मी रडणार नाही. लग्नानंतर सगळ्या सुट्ट्या मिळून ते माझ्याजवळ एकतीस दिवस होते. शेवटचे सहा तास तुमच्याजवळ होते. ते मला द्या, भाऊ. एकटीला पुरतील.

तुमच्या सुकदेवचीच,
हेमांगी