एक नोकरी, एकोणीस अर्ज

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा आहे, टेबलाखाली वायर शोधताना घातला.) मामींची कंबर आता कशी आहे? तुमच्या ऑफिसनं मोडीत काढलेला प्रिंटर पोचला. मोडीत काढल्याचा कागदही सोबत पाठवलात, त्यामुळे मला झोप लागली.

लायब्ररीतल्या नोकरीचा अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचा होता. त्याच्या तळाशी सहीसाठी एक ओळ होती : 'मला संगणक व प्रिंटर हाताळता येतो.' आई म्हणाली, "कर की सही, कोण बघतंय?" पण घरात शिकलेली मी पहिली. पहिल्याच नोकरीच्या कागदावर खोटं कसं लिहू? ठरवलं, तुमच्याच प्रिंटरवर अर्ज छापायचा आणि मगच सही करायची.

माझ्या संगणकात लिनक्स आहे, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम. (दुरुस्तीवाला दुसरी एक चोरीची टाकून देत होता. मी नको म्हटल्यावर त्यानं काळजीनं मला बसायला खुर्ची दिली.) प्रिंटर जोडला, तर यादीत त्याचं मॉडेलच नाही. मग लिनक्सवाल्यांच्या वेबसाइटवर 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात करून दीड पान लिहिलं. उत्तर आलं, "ताई, त्याच्या आधीचं मॉडेल निवडा, चालून जाईल." म्हणजे संगणकाला प्रिंटरचं खोटं नाव सांगायचं! यात माझा अर्धा दिवस गेला. अखेर दोन्ही एकाच कंपनीचे, म्हणजे सख्खे भाऊच, अशी मनाची समजूत घातली आणि बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला, कागदाला जरा शिवला आणि गप्प झाला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. बाबा शेजारीच कुणाचं तरी शिलाई मशीन उघडून बसले होते. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण मशीनचा आवाज बरोबर कळतो. म्हणाले, "अगं, त्याला कागद धरवत नाहीये. रबर गुळगुळीत झालंय. तू काय त्या पडद्याशी भांडत बसलीस?" त्यांनी ओल्या फडक्यानं आतली रबरी चाकं पुसली, आणि मामा, अर्ज बाहेर आला! त्याच्या मागोमाग दुसरा आला. मी जितक्यांदा बटण दाबलं होतं तितके, म्हणजे एकोणीस आले. आई ओरडली, "थांबव गं त्याला, नोकरी एकच आहे!"

आता सहीचा प्रश्न. निम्मं काम तर बाबांचं. म्हणून सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'संगणकाचा भाग माझा, चाकांचा वडिलांचा', आणि साडेचारला अर्ज देऊन आले.

मामींना नमस्कार, कंबरेला आराम.

तुमची भाची

ता. क. : लायब्ररीतून फोन आला. त्यांचाही प्रिंटर सहा महिने कागद ओढत नाही. सोमवारी मुलाखतीला बोलावलंय, 'वडिलांना घेऊन या' म्हणाले.

ता. क. २ : बाबांना दहाला बोलावलंय, मला अकराला. त्यांची हत्यारांची पेटी आत्ताच दोनदा पुसून झाली. तुम्ही रविवारी या, आणि माझी मुलाखत होईपर्यंत तो प्रिंटर दुरुस्त करू नका, एवढं त्यांना सांगा. मला ते सांगवणार नाही.