तळाची रेघ

ता. ३ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून देवाचे आभार मानले. इकडे मला मात्र घोर लागलाय. तुझे भावोजी रोज दुपारी मागच्या खोलीत कडी लावून बसतात आणि ओल्या गुडघ्यांनी बाहेर येतात. विचारलं तर म्हणतात, बादली गळते. बादली मी भरून पाहिली, ठणठणीत आहे.

काल ते जरा बाहेर गेले तशी मी आत डोकावले. फरशीवर पाण्याने काढलेली चौकट, तिच्या पोटात दुसरी छोटी चौकट. जन्मभर फरशी पुसलीय. जे आधी ओलं होतं ते आधी वाळतं, एवढं मला कळतं. बाहेरची चौकट चारी बाजूंनी विरली, आतली मागे राहिली. म्हणजे आधी घर, मग घरातली खोली. जमीनमोजणीत नोकरी केलेला माणूस नकाशाशिवाय दुसरं काय काढणार? हे घर विकायचं घाटतंय, आणि पुरावा राहू नये म्हणून पाण्याने.

मुलाने परमुलखात चिनी मुलीशी लग्न केलं आणि मी त्याला या दारात पाऊल टाकू नको म्हटलं, तेव्हापासून ह्यांचं घरात मन नाही. म्हणून काय घर विकायचं? कुणापाशी बोलू नकोस.

तुझी काळजीतली अक्का

ता. ९ मार्च

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

अगं, जो माणूस तुला विचारल्याशिवाय साबणाची वडी आणत नाही तो घर विकेल? तुला संशयाला रिकामी दुपार पुरते. निवृत्त माणसाने दाढीच्या ब्रशाने फरशीवर चार रेघा ओढल्या तर आभाळ कोसळलं का? दाराला कान लावू नकोस, त्यांना जरा मोकळं सोड.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझी धाकटी

ता. १४ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद, पण हातचे राखून.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू मावळलं. मी पाणी लिहिलं होतं, फरशी लिहिली होती. ब्रशाचं नाव मी काढलंच नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं. मोरीत जाऊन पाहिलं तर ह्यांचा दाढीचा ब्रश भर दुपारी ओला. माझ्या घरातली गोष्ट तुला माझ्याआधी कशी कळली? उलट टपाली खरं काय ते लिही. माया किती ठेवायची ते मग बघू.

अक्का

ता. २० मार्च

ती. अक्कास, नमस्कार, आणि पाय धरते.

घर कुणी विकत नाही. ते चिनी अक्षर आहे, भावोजी पाण्याने त्याचा सराव करतात. अर्थ, परत येणं. मुलाची पत्रं माझ्याकडे येतात आणि मी भावोजींना फोनवर वाचून दाखवते.

सून यायला तयार आहे, पण तिचे वडील अडून बसलेत. मुलाच्या घरच्यांनी आमच्या चिनी लिपीत, स्वतःच्या हाताने बोलावलं तरच मुलगी पाठवीन म्हणतात. रेघा क्रमाने ओढल्यात की नुसती नक्कल आहे, हे त्यांना वळणावरून ओळखू येतं. सूनबाईने समजावून लिहिलंय: आधी तीन बाजू, मग आतली चौकट, तळाची रेघ सगळ्यात शेवटी. माणसं आत घ्यायची, मग दार लावायचं. भावोजी दर वेळी दार आधी लावतात.

तुला नात झालीय, अक्का. तुझ्या धाकाने कुणी बोललं नाही. रागाव, पण अंतर देऊ नकोस.

धाकटी

ता. ५ एप्रिल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर देवापुढे बसले तरी तीच चौकट डोळ्यांसमोर. सगळ्यांना नात ठाऊक, मी सोडून. मग एका दुपारी कडी वाजवली. ह्यांनी दार उघडलं, ब्रश पाठीशी धरलेला. मी म्हटलं, तुम्ही दार आधी लावता, बसा, मी बघते. तेव्हापासून शेजारी बसून रेघा वाळताना पाहते आणि हे चुकले की टोकते. ह्यांचं म्हणणं, कचेरीतला साहेब परवडला.

सोबत कागद आहे, तसाच पुढे पाठव. तीन बाजू ह्यांच्या, आतली चौकट माझी. तळाची रेघ ओढलेली नाही. व्याह्यांना चूक वाटेल, तर सुनेने सांगावं, चूक नाही. ती तिघं आत आली की मी ओढीन.

त्याचं पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलंय, फोडून बघू नकोस. तुझ्यावरचा संशय अजून पुरता फिटलेला नाही. माया मात्र होती तेवढी आहे.

अक्का