भाताची खळ

बाई, आज मुद्दाम भात मऊ शिजवला, जेवायला नव्हे, आणि तो चमच्याने कुसकरताना तुम्हीच आठवत राहिलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या शाळेतही आता तुम्हाला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. मी मात्र अजूनही काही सुचेनासं झालं की मनातल्या मनात तुमच्याशी बोलते. आज लिहून बोलते, एवढाच फरक. मी पुस्तकं लिहायला लागले हे कळायच्या आधीच तुम्ही गेलात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या आहेत. प्रत्येकीत एक मुलगी असते, तिच्यावर आभाळ कोसळतं आणि शेवटच्या प्रकरणात ती उभी राहते. मुलं वाचतात, शाळा बोलावतात, नारळ आणि शाल देतात. तुम्ही असता तर चष्म्याच्या वरून बघून म्हणाला असता, "झालं का गं तुझं आभाळ कोसळून?" खरं सांगू का, दमले मी. दर पुस्तकात एका पोरीला पाडायचं आणि ठरल्या पानावर उठवायचं, याचा आता वीट आलाय. संपादक म्हणतात, शेवटी उमेद हवी. हवी हो, कोण नाही म्हणतंय?

पहिल्या पुस्तकातली मुलगी म्हणजे मीच, हे सांगायला नको. पेणजवळच्या खाडीकाठचं आमचं गाव तुम्ही पाहिलंच होतं. रोह्याहून एसटीने यायचात, शेवटचा चिखलाचा रस्ता चप्पल हातात घेऊन चालायचात. मी सातवीत असताना उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी भातात घुसलं. अशा वेळी घरटी एक माणूस बांधावर जातो, बोलवायला कुणी लागत नाही. बाबा गेले. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देणाऱ्या रांगेत ते अगदी खांडीच्या तोंडाशी उभे होते. बाकीचे सगळे परत आले. खारं पाणी बसलेली जमीन दोन-तीन पावसाळे पडीक सोडायची, मीठ धुऊन जाऊ द्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईलाही होतं. तरी पुढच्याच पावसाळ्यात तिने पेरणी केली. काका समजावायला आले होते, मी ओटीवर बसून ऐकत होते.

"वहिनी, जमीन अजून खारी हाय. यंदा पावसाला सोडून द्या."

"नवरा गेला नि शेत पण ओस पडलं, असा बोलतील लोक," आई म्हणाली. "मला नाय ऐकायचा ता."

रोप आलं, चांगलं हिरवंगार आलं. आईच्या तोंडावर थोडा रंग आला. मग पावसाने उघडीप दिली, मीठ वर चढलं आणि शेंडे आधी तांबडे पडले, मग जळाले. आई बांधावर नुसती बसून राहायची. ती रडत नव्हती म्हणून मीही रडत नव्हते, आणि गावात सगळे म्हणायचे, बघा कशा धीराच्या हायत मायलेकी.

त्याच धीरापायी हेडमास्तरांनी मला पंधरा ऑगस्टच्या भाषणाला उभं केलं. विषय, संकटावर मात. भाषण त्यांनीच लिहून दिलेलं, मी पाठ केलेलं. त्यात एक वाक्य होतं, 'आज आमचे शेत पुन्हा हिरवे झाले आहे.' झेंड्यासमोर सगळा गाव बसलाय, आई बायकांत मागे बसलीय, आणि शाळेच्या कुंपणापलीकडे ते जळलेलं शेत सगळ्यांना दिसतंय. मी त्या वाक्यापाशी येते आणि तोंड उघडं ठेवून उभी राहते. हेडमास्तर खालून ते वाक्य सांगतायत, पुन्हा पुन्हा सांगतायत. मग तुम्ही उठलात, मला दंडाला धरून खाली आणलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "सर, खारं पाणी शिरलं तर तुम्ही जमिनीला तीन पावसाळे देता. या पोरीला एक तरी द्या."

"बाई, मुलांपुढे आदर्श नको का?"

"आदर्श होईल सवडीने. आधी रडू दे तिला."

मागे बसलेल्या बायकांतली कुणी म्हणाली, "खरा बोलल्या गो." आईने पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, आता तुम्ही मला जवळ घ्याल. तुम्ही कसल्या घेताय! वर्गात नेऊन मलाच झापलंत, "जे झालंच नाही ते बोलायला उभी कशाला राहिलीस? नाही म्हणायला तोंड नव्हतं?" इतका राग आला तुमचा. तरी तुम्ही पुढच्या रविवारी रोह्याला घरी ये म्हणालात, तेव्हा आले.

तुमचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. श्रावण होता, बिरड्यासाठी मोडाचे वाल भिजत होते. तुम्ही परात माझ्यापुढे सरकवलीत आणि आपण दोघी वाल सोलत बसलो. तुम्ही बाबांबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत, त्याचं मला फार बरं वाटलं. जेवण झाल्यावर तुम्ही कपाटातून एक कादंबरी काढलीत. बाप गेलेल्या मुलीचीच होती. ती माझ्या हातात द्यायच्या आधी थांबलात, पातेल्यातला उरलेला भात बोटाने कुसकरलात आणि शेवटची पानं कडेने एकमेकांना चिकटवून टाकलीत. मी बघतच राहिले. पुस्तकावर रेघ ओढली तरी ओरडणाऱ्या तुम्ही!

"शेवट आत्ता तुझ्या कामाचा नाही," तुम्ही म्हणालात. "ती रडते तिथपर्यंत वाच. पुढचं राहू दे."

बाई, मागच्या आठवड्यात मी रोह्यातच होते, एका शाळेत. भाषण दिलं, तेच ते, जिद्दीचं. नंतर सह्या घ्यायला मुली आल्या, त्यांत एक मागे रेंगाळली. तिच्या हातात माझं पहिलं पुस्तक होतं, वाचून वाचून पुठ्ठा सुटलेलं. तिचे बाबा धाटावला एका कंपनीत होते, शिफ्टला गेले आणि आलेच नाहीत, हे तिच्या वर्गशिक्षिकेने मला आधीच सांगितलं होतं. मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅडम, यातली मुलगी किती दिवसांनी बरी झाली?" मी काहीतरी बोलले, प्रत्येकाचं वेगळं असतं वगैरे. तर म्हणते, "माझं वर्ष व्हायला आलं. मी अजून दप्तर उघडत नाय. तिला जमला नि मला जमत नाय, म्हणजे माझ्यातच काय कमी हाय ना?" शाल अजून माझ्या अंगावर होती. बाई, मला तिथल्या तिथे मरण आल्यासारखं झालं. माझ्या पुस्तकात ते शेत पुढच्याच वर्षी पिकतं. आमचं शेत पिकायला किती पावसाळे गेले, आणि आई पुन्हा मोकळी हसली तोवर मी कॉलेजात होते. हेडमास्तरांचं ते वाक्य, जे मला झेंड्यासमोर बोलता आलं नव्हतं, ते मी पुढे पुस्तकभर लिहिलं आणि पोरींच्या हातात दिलं.

म्हणून आज पुस्तकाची नवी प्रत घेऊन बसलेय. शेवटचं प्रकरण चिकटवतेय. उद्या रोह्याला जाऊन तिला नेऊन देणार आहे, आणि सांगणार आहे की ती रडते तिथपर्यंत वाच, तेवढंच खरं आहे. शक्य झालं तर तिच्यासोबत वाल सोलत बसेन, पण हल्लीच्या मुलींना ते आवडेल की नाही कोण जाणे.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या रविवारी परतताना एसटी नागोठण्याला थांबली, खिडकीतून पावसाची झड आत येत होती, आणि मी ओल्या बोटांनी ती पानं सोडवली. त्या कादंबरीतल्या मुलीचं शेत हिरवं झालं होतं, तिची आई हसत होती. खोटं आहे हे मला कळत होतं. तरी पेण येईस्तोवर मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडले, इतकी की कंडक्टर विचारायला आला. पुढे तुम्ही विचारलंत, "शेवट वाचला नाहीस ना?" मी नाही म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि हसलात. का हसलात ते आज भात कुसकरताना कळलं. तुमच्या फडताळात डिंकाची बाटली होती, वाल सोलताना मी पाहिली होती. डिंकाने चिकटलेलं पान फाटल्याशिवाय सुटत नाही. तुम्ही भात घेतलात.

माझ्याही टेबलावर डिंक आहे, बाई. मीही भातच लावलाय.