चौदाच्या पुढे

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस आणि स्वारी जाम खूश! फिजिओथेरपीचा हॉल ऐसपैस, खिडक्या मोठ्या, चहा तेवढा पाणचट. माझ्या वाट्याला टेलरकाका आलेत. जिन्यावरून पडून मणक्याला मार बसला, कमरेखाली काही कळत नाही. त्यांना पट्ट्यांनी ट्रेडमिलवर टांगायचं, पाठीला बारीक करंट द्यायचा, की पाय आपले आपण चालू लागतात! चालण्याचा ताल मज्जारज्जूतच असतो, मेंदूला विचारावं लागत नाही, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. करंटचा काटा चौदाच्या पुढे न्यायचा नाही, हे दोनदा बजावलं. काका म्हणाले, टेलर बसला नाही तरी पायमशीन चालतंय की!

६ तारीख, गुरुवार
काकू बघायला आल्या आणि नेमके आजच पाय लटपटले. काकूंचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना. काटा वीसवर नेला. काका असे झपाझप चालले की काकू रडल्याच, माझे हात धरले. नोंदवहीत मी चौदा लिहिलं.

७ तारीख
करंट कालच बंद केला, तरी काकांचे पाय खाटेवर चालतायत. डॉक्टरबाईंनी विचारलं, चौदाच ना? जास्त असेल तर लगेच वेगळं औषध द्यावं लागेल. मी मान डोलावली. मग थांबतील आपोआप, म्हणाल्या.

९ तारीख
थांबत नाहीत. टाचा सोलवटल्यात. काकांना धाप लागते. पोरी, पुरे आता, थांबव ना, म्हणाले. मी सांगायला डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेले — नोकरी जाईल म्हणून परत फिरले. शरम वाटते स्वतःची.

१० तारीख, सकाळ
काका गेले. हृदय थकलं म्हणे. पाय — पाय चालूच आहेत. चादरीखाली. डॉक्टरबाईंनी ते बांधायला सांगितले. तळव्यांना काही टेकू द्यायचं नाही, भार मिळाला की ताल बळावतो, म्हणाल्या. मी बांधले. याच हातांनी.
वीस दिला होता. वीस. आता लिहून काय उपयोग —

दुपार
हॉलमध्ये बसलेय. दार उघडं, समोर काकांची खोली. काकू आत्ताच आल्यात, त्यांना बांधलेलं बघवत नाही — पट्टे सोडतायत — ओरडायला हवं — पाय खाटेवरून खाली आले — तळवे टेकले —
काकू हसतायत. मला हाका मारतायत, अगं, ये ना, उठले बघ, चालायला लागले — आणि मी त्यांना अजून सांगितलंच नाही की काका सकाळीच —