अकरा किलो जास्त

सोमवार, ४ मार्च
रविवारी सहकुटुंब तलावावर जायचं ठरलं. म्हणजे हिने ठरवलं, मी जाहीर केलं. मोठी एकदम गळ्यातच पडली. वय वर्षं सहा. होडीत बाबाने माझ्या शेजारीच बसायचं म्हणे. म्हटलं, अगदी! धाकटा तीन वर्षांचा. होडी म्हणजे काय ते न कळताही नाचला.
पाण्याला मी घाबरत नाही. गेल्या वीस वर्षांत पाण्यात उतरायला वेळ मिळाला नाही, इतकंच.

मंगळवार, ५ मार्च
हिने होडीवाल्याला फोन केला. एका होडीत जास्तीत जास्त अडीचशे किलो. ऐकून बरं वाटलं. वजन हा आपला प्रांत. अठरा वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडलाय. अंदाजपंचे कारभार मला चालत नाही.
उद्या वर्कशॉपमधून काटा घरी आणणार.

बुधवार, ६ मार्च, संध्याकाळी
मोठी १९. धाकटा १३. मी ८४. काटा बिघडलाय.
उघडून तपासला. काटा ठीक आहे. दमट हवेने होतं असं कधीकधी.
हिने काट्यावर उभं राहायला साफ नकार दिला. मी अनुभवावरून ६१ लिहिलं. चूक झाली. आकड्यात नाही, तो मोठ्याने वाचण्यात.

गुरुवार, ७ मार्च
ही बोलत नाही.
बेरीज: आम्ही चौघं १७७. होडीवाला अंदाजे ७०. बॅग १४. एकूण २६१. अकरा किलो जास्त!
कुणाला तरी काठावर थांबावं लागणार. घरचा कर्ता म्हणून हा त्याग मीच करायचं ठरवलं. जड अंतःकरणाने मोठीला हिशेब समजावला. बॅगच काठावर ठेवू, असं तिचं म्हणणं. चोरीला जाईल, माझं उत्तर. मग तिने दोनदा खात्री करून घेतली, नक्की अकराच ना? गणितात पोर माझ्यावर गेलीय. जेवताना मात्र तिचं लक्ष बॅगेकडेच होतं.

शनिवार, ९ मार्च
ही बोलली. विषय: उद्या बॅग कोण उचलणार.
वर्कशॉपमध्ये सहज सांगून ठेवलं, उद्या तलाव पार करतोय. काठावरून देखरेख ठेवणं हेही त्यातच आलं.
संकल्प: उद्या कुणावरही ओरडायचं नाही.

रविवार, १० मार्च
स. ६.०० – निघणार होतो.
८.४० – निघालो. धाकट्याचा एक बूट फ्रिजमध्ये सापडला. ओरडलो नाही, मोठ्याने समजावलं.
१०.१५ – पोचलो. बॅग कापसासारखी हलकी लागली. व्यायामाचा परिणाम. उद्यापासून सुरू करणारच आहे.
१०.३० – बॅग उघडली. आत दोन टॉवेल आणि धाकट्याचे कपडे. बस्स. डबे, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी, बाहुलीचं घर, सगळं घरी पलंगाखाली! मोठीने पहाटे उठून, काट्यावर मोजून, बरोबर अकरा किलो बाहेर काढलं होतं. आता बाबा होडीत मावतो म्हणे.
हिने माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं. टॉवेलची घडी तीनदा घातली. उपाशीपोटी होतं असं.
१०.५० – हिने जाहीर केलं, ती एकसष्ट किलोची असल्यामुळे काठावरच बरी, फोटो काढेल. म्हणजे आता जागाच जागा. त्याग बोंबलला.
११.०५ – होडीत बसलो. मोठी होडीवाल्याच्या कानात काहीतरी कुजबुजून आली. वाऱ्याचा आनंद घ्यायला मी डोळे मिटले.
११.४० – तलाव पार करून परत! वल्ह्यांचा छप छप आवाज, होडी नुसती डुलत होती. इतकी अलगद, की हललीच नाही असं वाटावं. धाकट्याची एकच भुणभुण, निघायचं कधी? लहान मुलांना वेगाचा अंदाज नसतो. मोठीने शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही. घाबरली असणार बिचारी. म्हटलं, बाबा आहे ना!
दुपारचं जेवण: टपरीवरची बिस्किटं. चार पुडे.

सोमवार, ११ मार्च
वर्कशॉपमध्ये सविस्तर वर्णन केलं. लाटा किंचित वाढवल्या. तेवढ्यात हिने काढलेला फोटो आला, तो मोठ्या तोऱ्यात सगळ्यांपुढे धरला. फोरमनने बोटांनी फोटो मोठा केला. मी, डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले. मागे धक्क्यावर खुंट. खुंटाला दोर. दोराचं दुसरं टोक आमच्या होडीला.
चहा संपेपर्यंत हसत होते. फोरमनचा तर सांडला.
घरी आल्याबरोबर मोठीला विचारलं. ती बाहुलीचं घर मांडत होती. मान वर न करता सांगितलं, होडीवाल्या काकांना दोर सोडू नका म्हणून तिनेच बजावलं होतं, कारण तिच्या बाबाला पाण्याची भीती वाटते. हे तुला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आठवडाभर होडीचं नाव निघालं की बाबाचा हात गार पडायचा, हे तिला कळत होतं.
मी तिला बाहुलीचं घर मांडू लागलो. काटा उद्या परत नेतो.
मोठी पुढच्या रविवारी परत जायचं म्हणते. दोर आणखी हातभर लांब ठेवायला सांगणार आहे. जास्त नाही, हातभरच. मी हो म्हटलंय.