विषारी शिंगाळे माझ्या गळ्यात

सोमवार, ३ जून

वैताग! बायको भावाकडे गेली आणि माशांची काचेची टाकी माझ्या गळ्यात. आणले मीच, कबूल. पट्टेरी शिंगाळे, समुद्रातले, काट्यात विष! आल्यागेल्याला दाखवायला काय ऐट वाटायची. पण त्यांचं खाणं, खारं पाणी, काचा पुसणं, सगळं हीच बघते. जाताना दारातून एवढंच – "मासे तुमचे, तुम्ही बघा." चार दिवसांचा तर प्रश्न. त्यासाठी एवढं तोंड पाडायला काय झालं?

मंगळवार, ४ जून

पाण्यात मीठ किती घालायचं, म्हणून फोन केला. "पिशवीवर लिहिलंय." आणि ठेवून दिला! सरळ उत्तर द्यायला काय पैसे पडतात?

बुधवार, ५ जून

आज फोन नाही. धरू दे अबोला.

गुरुवार, ६ जून

तिचा लाडका निळा मासा दिसेना. दगडामागे पाहिलं, पंपापाशी पाहिलं. एका शिंगाळ्याचं पोट मात्र टम्म! मेल्यांना काल खायला घालायचं राहिलं, तर लगेच शेजाऱ्यालाच गिळायचं? ती आली की घर डोक्यावर घेईल. दुकानातून तसाच एक आणून सोडतो. तिला काय कळतंय!

शनिवार, ८ जून

डाव्या हातानं लिहितोय. टाकी धुवायला काढली. जाळीनं एक शिंगाळा उचलला, काटा अडकला जाळीत. सोडवायला गेलो आणि ब्रह्मांड आठवलं! कोपरापर्यंत नुसती आग. मासा परत पाण्यात, मजेत. बोंबलतच तिला फोन केला.

"सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवा, आणि ताबडतोब डॉक्टरकडे जा." मग अगदी थंडपणे – "जाळी वापरू नका, भांड्यानं काढा, किती वेळा सांगितलं होतं?"

मी म्हटलं, तू इथे असतीस तर ही वेळच आली नसती! त्यावर तिनं फोनच ठेवून दिला.

डॉक्टर वर हसतो – "पाळायला दुसरं काही मिळालं नाही?"

रविवार, ९ जून

नवा निळा मासा सोडला. हुबेहूब! घरही आवरलं, एका हातानं. आता येईलच ती.

सोमवार, १० जून

बेल वाजली. धावत गेलो. मासेवाला दुकानदार, झाकणाची बादली घेऊन. "ताईंचा फोन आला, आजच घेऊन जा म्हणाल्या. तसं आमचं आधीच ठरलं होतं – त्या घर सोडून गेल्या की मासे मी न्यायचे." आधी म्हणजे कधी? "झाले बरेच दिवस. थंडीत."

थंडीत! थंडीत तर आम्ही नवा सोफा घेतला. रंग तिनंच निवडला होता.